बाळराजांच्या महालातला दरबार

पौषातल्या एका सकाळी कुरुंजगडच्या राजवाड्यात दोन महिन्यांचे बाळराजे शिंकले आणि सगळा दोष गोजरा दाईच्या माथी आला!

"तीन दिवस देतो," उदयभान राजे गरजले. "महाल उबदार झाला पाहिजे. नाहीतर गाव सोडायचं!"

अटी ऐकल्यावर गोजराला हसावं की रडावं कळेना. शेगडी ठेवायची नाही, कारण धुराने छताचा सोनेरी मुलामा काळवंडतो. खिडकीची दगडी जाळी झाकायची नाही, कारण ती कोरायला सात वर्षं लागली होती आणि पाहुणे खास ती बघायला येत. बाळाला दुसरीकडे न्यायचं नाही, कारण वारसाने तिथंच निजायचं. आणि खजिन्यातून छदामही मिळायचा नाही!

जाळीला तीनशे भोकं. तळ्यावरचा वारा त्या तीनशेतून आत येई. गोजरा बाळाची गार पावलं तळहातात धरून बसे आणि तिचा जीव तीळतीळ तुटे. गाव सुटलं तर सुटो, पण मग या लेकराला कुशीत कोण धरणार?

सल्ल्यांची मात्र चंगळ होती. दिवाण नागोपंत दारातून म्हणाले, "राजाचं रक्त आहे. आपोआप तापेल!" राजवैद्य दारातूनच म्हणाले, "गार हवेनं अंग काटक होतं!" आणि दोघंही लगबगीने दरबारात परतले. उंबरठा कुणीच ओलांडला नाही, हे गोजराने बरोबर हेरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच ती दरबारात गेली. तिथं शंभर माणसं दाटीने बसलेली आणि दोन सेवक राजांना वारा घालत होते.

"महाराज, एवढ्या थंडीत पंखा?"

"शंभर जण बसले की उकडतं गं!"

"मग ऊब इथं फुकट सांडतीया की! ही माणसं तुमच्याच पगारावरची. धूर न्हाई, जादा खर्च न्हाई. आजचा दरबार बाळराजांच्या महालात भरवा!"

"बाई वेडी झालीय!" नागोपंत उसळले. पण राजांच्या कानात 'फुकट' हा शब्द शिरला होता.

"भरवा!"

गोजराने राजांचं आसन जाळीला पाठ लावून मांडलं. "मागं जाळी, म्होरं महाराज! लई शोभंल." बाकीचे समोर बसले. बाळाला पदराखाली घेऊन ती स्वतः सगळ्यांच्या मागे, वारा अडेल अशा कोपऱ्यात बसली.

थोडा वेळ राजे जाळीच्या नक्षीचं कौतुक सांगत होते. मग त्यांनी मान आखडली. नागोपंत शेतसाऱ्यावर बोलायला उभे राहिले, पण दात इतके वाजू लागले की सारा किती ते कुणालाच कळेना. राजवैद्यांना तर लागोपाठ तीन शिंका आल्या!

"अंग काटक व्हतंय, वैद्यबुवा!" गोजरा कोपऱ्यातून म्हणाली.

अखेर राजांना राहवेना. त्यांनी खांद्यावरचा शेला काढला आणि मानेमागच्या भोकांत कोंबला. तेवढ्याने भागलं नाही. "नागोपंत, तुमची शाल आणा! वैद्यबुवा, उपरणं सोडा!" बघता बघता शाली लटकल्या, गालिचे उभे राहिले, एकही भोक उरलं नाही. दुपारपर्यंत महालाने छान ऊब धरली आणि बाळराजे हातपाय सैल सोडून झोपी गेले. त्यांची पावलं आता गुलाबी दिसत होती.

इतक्यात राजांना आठवलं. "अगं ए! जाळी झाकायची नव्हती ना?"

"म्या बोटसुदिक लावलं न्हाई, महाराज. तो पयला शेला कुणाचा हाय?"

शंभर माणसांनी शेल्याकडे पाहिलं आणि मग आपापल्या पायांकडे.

"आणि मी हे सगळं काढायला लावलं तर?"

"मग उद्याचा दरबारबी हितंच!"

"नको, नको!" शंभर गळ्यांतून ओरड उठली. बाळ दचकून उठलं, रडायला लागलं आणि राजे पोट धरधरून हसले!

"राहू दे त्या शाली तिथंच, पाहुणे जाळी उन्हाळ्यात बघतील. गोजरा, माग, काय हवं?"

गोजरा बाळाला थोपटत म्हणाली, "आमच्या आळीतबी पाळणे हलत्यात, महाराज. आमच्या कुडाच्या भितींना तर न कोरताच भोकं पडल्यात. तवा एक दिस दरबार आमच्याकडं भरवा!"

राजांनी नागोपंतांकडे पाहिलं. आळीचं नाव ऐकूनच नागोपंतांचे दात पुन्हा वाजू लागले होते.

राजे पुन्हा खो खो हसले, आणि दिवस मावळायच्या आत गोजराच्या आळीत घरटी दोन-दोन नवी घोंगडी पोचली. दरबार तिकडे नेण्यापेक्षा ते स्वस्त पडलं!