भुरीच्या शेपटीचं कडं

जनावरंही माणसांसारखी हौसमौज करायची, त्या काळातली ही गोष्ट. सुगरण पक्षिणीने चाल मोजणारी गवती कडी विणायला घेतली. प्रत्येक कड्यात एक किडा बसायचा आणि कडं हललं की एक पाऊल मोजायचा.

भुरी म्हैस कडं निवडायला आली. सुगरण म्हणाली, "काकू, हा पाणकिडा न्या. चिखलात टिकतो आणि खरं तेवढंच बोलतो."

"छे! मला तो काजवा हवा. रात्री उजेड देतो, पावसाची वर्दी देतो, वर कौतुकही करतो!"

"पण त्याला चिखल सोसत नाही हो."

"मग शेपटीला बांध!"

झालं! भुरी दिवसभर डबक्यात लोळायची, शेपटीने माश्या हाकायची आणि काजवा ओरडायचा, "वा काकू, केवढं चाललात!" भुरी कळपभर मिरवायची.

उन्हाळ्यात डबकं आटलं. कळप टेकडीपलीकडच्या नदीकडे निघाला. पहिल्याच चढावर भुरीला धाप लागली. माश्या मागे राहिल्या होत्या, त्यामुळे शेपटी गप्प लोंबत होती. काजवा काळजीने म्हणाला, "काकू, आज अगदीच बसून आहात! बरं नाही का?"

कळप खो खो हसला. भुरीलाही हसू आवरेना. हसत, धापा टाकत ती कशीबशी नदीवर पोहोचली. सुगरण तिथल्या बाभळीवर येऊन बसली होती.

"तो पाणकिडा आहे का गं अजून?" भुरीने विचारलं.

"आहे की! काजवा परत देताय?"

"छे गं, तो राहू दे शेपटीला. कौतुक ऐकायला बरं वाटतं. पण खरं बोलणारा पायात बांध."