ओढ्यापलीकडची पोच

एप्रिल सरत आला होता. आंबेखळीच्या शाळेत मुख्याध्यापिका गायधनीबाई जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांची नावं लिहीत बसल्या होत्या. तेवढ्यात तालुक्याचे शिक्षणाधिकारी भुसकुटे साहेब यांची जीप दारात येऊन थांबली.

"नावं राहू द्या, बाई. पट कमी, शाळा बंद! जूनपासून मुलं ओढ्यापलीकडच्या शाळेत जातील. तुम्ही फक्त सामान तिकडे पोचवायचं आणि प्रत्येक वस्तूची सही केलेली पोच मला द्यायची. माझ्या कारकिर्दीत साधी घंटासुद्धा वाटेत हरवलेली नाही!"

गेल्या वर्षी याच साहेबांनी पाचवीचा वर्ग तिकडे हलवला होता. त्या बिनपुलाच्या ओढ्याने भर श्रावणात पाचवीतल्या ईश्वरीला गिळलं होतं.

"खरंय साहेब," त्या म्हणाल्या. "पाचवीची बाकं सगळी पोचली, त्यांची पोच माझ्याकडे आहे. ईश्वरी नाही पोचली. तिची पोच कुणी मागितलीच नाही. म्हणून या खेपेला आधी मुलं पोचवू. पावसाळाभर रोज सकाळी तुम्ही पलीकडच्या काठावर उभं राहायचं, एकेक मूल ताब्यात घ्यायचं आणि सही करायची. शेवटची सही झाली, की घंटा मी स्वतः डोक्यावर घेऊन येते."

शाळा बंद करण्याच्या आदेशावर सही करायला काढलेलं पेन साहेबांनी खिशात घातलं.

जूनमध्ये आंबेखळीची घंटा जागच्या जागी वाजली. ईश्वरीचं बाक तेवढं ओढ्यापलीकडे आहे, अगदी सुखरूप.