थोरला रंगनाथ

सावळानंद महाराजांचा सहवास आंबेसांगवीला लाभला तो त्यांच्या उतारवयात. गावाबाहेर नदीकाठच्या धर्मशाळेत महाराज राहत. अंगावर एक छाटी आणि डोक्यावर जटा, एवढाच त्यांचा संसार! त्या जटांना कधी वस्तरा लागल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते.

गावात गोजराबाई नावाची विधवा होती. रोज सकाळी ती महाराजांसाठी ताकाचा तांब्या घेऊन निघे आणि मागून तिचा एकुलता एक मुलगा रंगनाथ येई. तिचे दीर दौलतराव ओट्यावरून टोमणा मारीत, "वहिनी, बैराग्याला ताक पाजून कुणाचं भलं झालंय?" गोजराबाई हसून पुढे जाई. भोळा भाव तिचा, दुसरे काय!

पण दैव कुणाला चुकले आहे? श्रावणात रंगनाथला ताप भरला आणि तो तरणाताठा मुलगा हां हां म्हणता गेला. जाताना आईचा हात धरून म्हणाला, "आये, आता तुला कोण गं?" पुढे तेच शब्द त्या माउलीच्या जिवाला लागून राहिले.

महाराज सांत्वनाला आले नाहीत. धर्मशाळेचे दार बंद, आरतीही बंद. दौलतरावांना आयतेच फावले. "बघा, ताक पिऊन गेला तुमचा देव! गरजेला हाय का कोणी?" दुःखात बुडालेल्या बाईला असे बोलावे? पण गर्वाला डोळे नसतात.

दहाव्याला सगळे नदीवर जमले. थोरल्याने धाकट्यासाठी मुंडण करून केस द्यायचे नाहीत, ही गावाची रीत. रंगनाथला ना धाकटा भाऊ, ना लेक. त्यामुळे न्हावी वस्तरा घेऊन नुसताच बसून राहिला. दौलतरावांनी पिंड ठेवला.

कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले. एकही खाली येईना. ऊन चढले. पोराला काही वचन द्या, असे चारचौघांनी सुचवले तेव्हा दौलतराव मोठ्याने म्हणाले, "रंगा, तुझ्या आईला मी बघतो!" आवाज होता, माया नव्हती. कावळे जागचे हलले नाहीत.

शेवटी भटजी म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करून शिववू."

गोजराबाईने हंबरडा फोडला. "नका हो! माझं लेकरू असंच अडकून राहील. माझ्यापायीच अडकलंय ते!"

तेवढ्यात वाळूतून महाराज येताना दिसले. गाल बसलेले, ओठ सुकलेले. धर्मशाळेतला सेवेकरी हळूच म्हणाला, "रंगा गेल्यापासून महाराज अळणी खात्यात, भुईवर निजत्यात. सुतक धरलंय त्यांनी."

"संन्याशाला कसलं आलंय सुतक?" दौलतराव फणकारले.

"संन्याशाला नसतं, दौलतराव," महाराज म्हणाले, "पण भावाला असतं." आणि ते न्हाव्यापुढे जाऊन बसले!

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. "महाराज, तुमी वयानं थोरलं. धाकट्यासाठी केस देत न्हाईत."

"रंगनाथ माझा थोरला. या आईची सेवा माझ्याआधी त्यानं केली. मी नुसतं तिचं ताक प्यालो. चालव वस्तरा."

जटा वाळूवर पडल्या. सारा घाट रडत होता. महाराजांनी पिंडापुढे हात जोडले. "दादा, आईला मी आहे. तू सुखानं जा."

शब्द पुरा होतो न होतो तोच बाभळीवरून एक कावळा झेपावला आणि पिंडाला शिवला!

गोजराबाई वाळूत कोसळली. "गेलं माझं लेकरू... सुटलं गं बाई!" सुटल्याचे समाधान होते, पण मुलगा तर गेलाच होता. ते दुःख महाराजांनीही नाहीसे केले नाही. ते तिच्याशेजारी बसून राहिले.

दौलतराव मात्र मान खाली घालून निघून गेले.

सुतक फिटल्यावर गोजराबाई ताकाचा तांब्या घेऊन धर्मशाळेच्या पायरीशी आली आणि सवयीने तिने मागे वळून पाहिले, रंगा येतोय का म्हणून. मागे दौलतराव उभे होते, डोके भादरलेले. त्यांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली.

महाराज म्हणाले, "माझे पाय सोड. तिचे धर."

दौलतरावांनी वहिनीच्या पायांवर डोके ठेवले. "वहिनी," ते हुंदके देत म्हणाले, "मी हाय."