हैबतीचा मळा आणि कुंडीतला मोगरा

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्यातल्या नदीचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या नदीकाठी हैबती नावाच्या माळ्याचा मळा होता. विहिरीवर मोट चालायची, पाटापाटांतून पाणी खेळायचं आणि बांधाला मोगऱ्याची रांग होती. तो मोगरा त्याच्या बायकोने नवी नवरी असताना लावलेला. वर्षाचं पहिलं फूल ती केसात माळायची नाही, विहिरीच्या काठावर ठेवायची. म्हणायची, "जिचं पाणी, तिचा पहिला मान."

पुढे बायको गेली. मग एके साली नदीला पूर आला आणि मळा, मोट, विहीर, सगळं घेऊन गेला. हैबतीच्या हाती मोगऱ्याची एक फांदी तेवढी लागली. ती ओल्या फडक्यात गुंडाळून तो लेकीकडे राहायला आला.

लेक चंद्रा राजधानीत, बाजाराच्या गल्लीत राहायची. जागा म्हणजे काय, दारापुढचा हातभर ओटा. तिने त्यावर एक कुंडी आणून ठेवली.

"आबा, आता हाच तुमचा मळा."

फांदी जगली, तिला पानं फुटली, आणि म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला.

पण बघा हं, माणूस गाव सोडतो, हाताची सवय काही सोडत नाही. हैबतीने उभ्या जन्मात पाटाने पाणी दिलेलं. लोटाभर पाणी घालणं त्याला ठाऊकच नव्हतं. रोज सकाळी तो भरली घागर कुंडीत रिकामी करायचा. पाणी कुंडीतून ओट्यावर, ओट्यावरून गल्लीत. तिथल्या डबक्यात एक साळुंखी येऊन मजेत आंघोळ करायची.

हळूहळू पानं पिवळी पडू लागली. मळ्यात पान पिवळं पडलं की कुठेतरी पाट फुटलाय, पाणी कमी पडतंय असं समजायचं. म्हणून हैबती संध्याकाळीही घागर ओतू लागला. मग पानं गळायलाच लागली. म्हाताऱ्याला जेवण गोड लागेना.

चंद्रा म्हणाली, "आबा, बाजारातून दुसरं रोप आणू या."

"रोप मिळेल गं. तुझ्या आईच्या हातचं कुठून आणशील?"

दुसऱ्या दिवशी तो घागर उचलणार, तोच साळुंखी कुंडीच्या काठावर येऊन बसली.

"आबा, खरं सांगू का? माझी फुकटची आंघोळ बुडेल म्हणून गप्प बसले होते. पण आता बघवत नाही. तुम्ही या कुंडीला पाणी घालतच नाही."

"मग ही घागर कुणासाठी आणतो, बाई?"

"त्या वाहून गेलेल्या मळ्यासाठी. आणि बुडतंय हे बिचारं रोप."

हैबतीने घागर खाली ठेवली. मातीत बोट घातलं, तर नुसता चिखल, कुजका वास येणारा. मळा गेला तेव्हा तो रडला नव्हता. आज ओट्यावर बसून पोटभर रडला.

मग डोळे पुसून उठला. सडलेली मुळं काढली, कुंडीच्या बुडाचं भोक मोठं केलं, कोरडी माती भरली. तेव्हापासून आधी मातीत बोट घालून पाहायचा, कोरडी लागली तरच ओंजळभर पाणी द्यायचा. साळुंखीला मात्र पाण्याचं एक पसरट मातीचं परळ कायमचं मिळालं.

उन्हाळ्यात मोगऱ्याला पहिलं फूल आलं. वास तोच होता, बांधावरचा. चंद्राचे डोळे भरून आले.

"आबा, आई असती तर विहिरीवर ठेवलं असतं. इथे विहीर कुठली?"

हैबती हसला. फूल घेऊन आत गेला आणि कोपऱ्यातल्या घागरीच्या काठावर ठेवलं.

"जिचं पाणी, तिचा पहिला मान," तो म्हणाला.

तात्पर्य: आठवण मळ्याएवढी ठेवावी, पाणी मात्र कुंडीएवढंच घालावं.