लडकूची शिंक

शेवरेबंदर नावाच्या लहानशा गावी, किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाखाली महाराजांचे वास्तव्य होते. अंगावर एक घोंगडी आणि कनवटीला तपकिरीची डबी, एवढाच काय तो संसार. कोळी मंडळी त्यांना उंडीवाले महाराज म्हणत.

त्याच गावात लडकू नावाचा एक गरीब खलाशी होता. मोठा भाविक! मासळी मिळो न मिळो, महाराजांच्या पायांवर डोके ठेवल्यावाचून तो अन्नाला शिवत नसे. पण बिचाऱ्याचे नाकच त्याचे वैरी झाले होते. गार वारा लागला की त्याला शिंक येई, आणि शिंक तरी केवढी! उंडीवरचे कावळे उडून जात. आता तुम्हीच सांगा मंडळी, दर्यावर जाणाऱ्यांत असा माणूस चालेल कसा? निघताना कुणी ‘कुठे?’ विचारले तरी त्यांची होडी अडते, रिकामी घागर समोर आली तरी अडते. मग शिंकेचे काय बोलावे!

लडकू हिरोजी नाखव्याच्या होडीवर कामाला होता. एके दिवशी होडी पाण्यात लोटायला सगळ्यांनी खांदे लावले, हिरोजीने नारळ उचलला, आणि लडकूचे नाक हुळहुळले.

“आऽऽक्छी!”

हिरोजीने नारळ खाली आपटला. “मेल्या, पुन्हा? तुझ्या नाकापायी माझी माणसं उपाशी मरायची! चालता हो इथून. आणि तुझ्या त्या तपकीरवाल्या बाबाला सांग, असला अपशकुनी भक्त त्यानंच पोसावा!” सगळे खो खो हसले.

लडकू रडतच महाराजांकडे आला. “महाराज, दर्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. आता पोरांच्या तोंडात काय घालू? हे नाक तरी काढून घ्या!”

महाराज हसले. म्हणाले, “वेड्या, देवानं दिलेलं कुणी परत करतं का? ज्यानं दिलं, तोच कामाला लावील. बस इथं.”

दुसऱ्या दिवशी हिरोजीची होडी थाटात निघाली. ना शिंक, ना रिकामी घागर. सगळे शकुन कसे मनासारखे! पण दर्याला कुणाच्या शकुनाची काय पर्वा? रात्रभर जाळी ओढून मंडळी सकाळी परतू लागली, तो असे धुके उतरले की नाखव्याला आपलीच डोलकाठी दिसेना. बंदराच्या तोंडाशी काळे खडक, आणि त्यांतून वाट एकच, तीही अरुंद. किनाऱ्यावर बायकांनी आकांत मांडला.

महाराजांनी डबी उघडून लडकूपुढे धरली. “घे चिमूट, आणि शिंक पोटभर.”

लडकू घाबरला. “महाराज, माणसं संकटात आहेत आणि मी अपशकुन करू?”

“देवीआईचं नाव घे आणि ओढ!”

गुरूची आज्ञा! लडकूने डोळे मिटले, आईचे नाव घेतले आणि तपकीर ओढली.

तिकडे होडीवर, धुक्यातून आवाज आला, “आऽऽक्छी!”

“शिंक! वल्ही थांबवा!” हिरोजी सवयीने ओरडला. होडी थांबली, आणि हातभर अंतरावर काळा खडक पाण्यातून डोके काढून उभा!

“नाखवा, ही तर आपल्या लडकूची शिंक!” एक खलाशी म्हणाला.

पुन्हा शिंक आली, ती उजवीकडून. होडी उजवीकडे वळली. मग डावीकडून आली, होडी डावीकडे वळली. अहो, लडकू तर एका जागी बसलेला, पण त्याची शिंक होडीच्या पुढे पुढे चालत होती! महाराजांची लीला, दुसरे काय! शेवटच्या शिंकेला होडीचा तळ वाळूला लागला.

हिरोजीने उडी टाकली आणि धावत येऊन महाराजांचे पाय धरले. महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, “माझे पाय कशाला? ज्याच्या शिंकेवर घरी आलास, त्याचे धर.”

हिरोजीने भरल्या डोळ्यांनी लडकूच्या पायांवर डोके ठेवले. “चुकलो रे, लडकू! आता तू शिंकल्याशिवाय माझी होडी पाण्यात जायची नाही.”

लडकू संकोचला. हिरोजीला उठवायला तो वाकला, पण तपकिरीचा अंमल अजून उतरला नव्हता.

“आऽऽक्छी!” ती थेट नाखव्याच्या टाळूवर!

“शतंजीव!” मघाशी रडणाऱ्या बायका एका सुरात ओरडल्या. महाराज पोट धरून हसू लागले. हिरोजीने मात्र डोके वर उचलले नाही. तसाच वाकलेला तो म्हणाला, “पोचला, महाराज. आशीर्वाद पोचला!”