उपटलेल्या फुलांचा शाप

एका राज्यात चंद्रकेतू नावाचा राजा होता. त्याला फुलांचा भारी सोस, पण फुलांपर्यंत चालत जायचा तितकाच कंटाळा. म्हणून त्याने काय केले? खाडीकाठचा केवडा, सड्यावरच्या उघड्या कातळावरची सीतेची आसवे आणि डोंगरावरची कारवी मुळासकट उपटून आणली आणि राजवाड्यामागे एकाच वाफ्यात, एकाच शेणखतात लावली.

रानातली झाडेपाले जाणणारी सगुणा सुईण त्याला सांगून सांगून थकली. केवड्याला चिखल आणि खारा वारा हवा. सीतेची आसवे निकस, ओल्या कातळावर बारीक किडे खाऊन जगतात, खत घातले की मरतात. कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते, तिला घाई चालत नाही. राजाने सारे ऐकून घेतले आणि येत्या गुरुवारी तिन्ही फुलली पाहिजेत, असा हुकूम सोडला.

सगुणेने कपाळावर हात मारला आणि ती रानाची वाट चालू लागली. घरी तिची लेक पारू अडली होती. तळपायाला कळलावीच्या कंदाचा लेप दिला की बाळंतीण लवकर सुटते, असे सुइणी मानत. तो कंद हवा होता.

ती परतली तो घराचे दार उघडेना. कुऱ्हाड घातली, ओरखडाही उठला नाही. आत पारू कण्हत होती आणि शेजारीण आतून रडत सांगत होती, की कळा येतात पण मूल पुढे सरकत नाही. झाले होते असे, की सड्यावरचा रानजोगी उघडा पडलेला कातळ पाहून संतापला आणि त्याने बागेत उभे राहून राजाला शाप दिला.

"राजा, जे उपटलेस ते तुझ्याच हाताने जिथल्या तिथे लाव. तोवर या राज्यात काहीही उघडणार नाही. सूर्य बुडाला तर कधीच नाही."

राजा बागेत मिटल्या कळ्यांपुढे हळहळत बसला होता. शापाची बातमी कळताच सगुणा तिथे धावली आणि तिने त्याला दंडाला धरून उठवले. कुंपणावर बसलेला जोग्याचा धनेश पक्षी बघता बघता हत्तीएवढा झाला. वाफ्यातून काढलेल्या रोपांच्या टोपल्या आणि त्या दोघांना पाठीवर घेऊन तो उडाला.

खाडीवर बायका केवड्यावाचून रिकाम्या वेण्या घालून बसल्या होत्या. राजाचे जोडे चिखलात रुतले, तर ते काढायला कोणी आहे का, म्हणून तो इकडेतिकडे पाहू लागला. सगुणेने त्याला अनवाणीच पुढे ढकलले. राजाने केवडा लावला.

सड्यावर राजाने सीतेची आसवे नीट लावली आणि मग शेल्यातून हळूच शेणखताची पुरचुंडी काढली. बिचारी उपाशी राहतील, म्हणाला. सगुणेने पुरचुंडी हिसकून कड्याखाली भिरकावली.

डोंगरावर कारवीची शंभर रोपे लावायची होती. इथले लोक घरांना कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती घालीत. यंदा त्यांच्या घरांना भोके पडली होती. राजा एकेक रोप लावी आणि कंबर धरी. शेवटच्या टोपलीचा तळ दिसला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता.

"शाप तसाच आहे," धनेश म्हणाला.

सगुणेने राजाकडे पाहिले. त्याचा डावा हात शेल्याखाली होता.

"महाराज, मुठीत काय आहे?"

"एकच रोप. एवढे तरी बागेत राहू दे. सात वर्षांनी इतक्या लांब कोण चालत येणार?"

सगुणेच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर ती ओरडली होती, आता मात्र तिचा आवाज खाली आला.

"माझी लेक बंद दाराआड मरते आहे. तुमची मूठ शापाने मिटलेली नाही, महाराज. ती उघडा."

राजाने मूठ उघडली. मग तो खाली बसला, बोटांनी माती उकरली आणि ते रोप लावले. त्याच क्षणी राज्यातल्या साऱ्या कळ्या उमलल्या आणि सारी दारे सताड उघडली. राजवाड्याचेही उघडले, पण धनेशाने राजाला परत नेले नाही. तो चालत गेला.

सगुणा धनेशाच्या पाठीवरून घरी उतरली. पारूच्या कुशीत लालबुंद मुलगी टाहो फोडत होती.

"आई, कुठे होतीस गं इतका वेळ?" पारूने विचारले.

खाडी, सडा, डोंगर, राजा, सगळे सगुणेच्या ओठांवर आले. पण ती उंबऱ्यातच बसली आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली.