जांभळीचं पाणी

रानात वाघ कमी आणि वाघाच्या गोष्टी जास्त होत्या, तेव्हाची ही हकिकत. टेकडीपलीकडच्या डोहाला सगळे ‘वाघाचं पाणी’ म्हणत. तिथं वाघ कुणीच पाहिला नव्हता, पण डोहाचं नाव काढलं की प्रत्येकाला पट्टे दिसत. त्यामुळे ऐन वैशाखात हरणं तहानेनं तडफडत आणि डोह भरलेलाच राही.

एका म्हाताऱ्या सशाला याचा वीट आला. डोहाच्या काठावर जांभळीचं झाड होतं. ससा उठता-बसता ‘जांभळीचं पाणी’ म्हणू लागला. आधी सगळे हसले. मग पाडसांच्या तोंडी तेच नाव बसलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे गार सावली आली, पिकली जांभळं आली. पुढच्या उन्हाळ्यात झाडून सारी हरणं डोहावर पाणी पिऊ लागली.

तिसऱ्या वर्षी एक पाडस धापा टाकत आईकडे आलं. “आई, डोहाच्या चिखलात हा एवढा पंजा उमटलाय! ससेआजोबा म्हणतात, वाघाचाच आहे.”

आई हसली. “अरे वेड्या, जांभळीच्या पाण्यावर कुठला आलाय वाघ?” असं म्हणत ती त्याला पुढं घालून डोहाकडे निघाली.